बहात्तर हजारांची साथ

लंडन शहराच्या वायव्येस वेम्बली नावाचे उपनगर आहे. तेथील जुने क्रीडांगण १९२३ साली खुले झाले आणि पुढे पाऊणशे वर्षांहून अधिक काळ इंग्लंडच्या फुटबॉलचे ते माहेरघर होते. त्या क्रीडांगणात १२ जुलै १९८६ रोजी, शनिवारी सायंकाळी, 'क्वीन' नामक चौघा कलावंतांच्या संचाने मैफल केली. सुमारे ७२ हजार श्रोते जमले होते. तिचे ध्वनिमुद्रण 'लाइव्ह ॲट वेम्बली' या नावाने, त्यापुढे ८६ हा सालाचा आकडा घालून, मे १९९२ मध्ये दोन तबकड्यांत प्रसिद्ध झाले. त्या तबकड्यांविषयी आज चार शब्द लिहावेत असे आमच्या मनात आहे.

सभामंडपात बसून भजन-कीर्तन ऐकणाऱ्या आमच्या वाचकांस या विषयाचे नवल वाटेल. 'रॉक' संगीत म्हणजे कर्णकर्कश गोंगाट, असा पुष्कळांचा ग्रह असतो, आणि त्या संगीतातील बराचसा भाग खरोखरीच तसा असतो, हेही मान्य केले पाहिजे. परंतु आम्ही जन्मभर पेटीची साथ करीत आलो. साथीदाराला एक सवय जडते. समोरचा काय गातो यापेक्षा त्याच्या मागे कोण उभे आहे, आणि त्याचा सूर कोणी उचलून धरला आहे, याकडे त्याचे कान आधी जातात. पुतण्याने या तबकड्या आणून दिल्या तेव्हा आम्ही त्या त्याच कानांनी ऐकल्या. आणि पहिल्याच दिवशी एक गोष्ट आमच्या ध्यानी आली, ती ही की या मैफलीतला सर्वांत मोठा साथीदार रंगमंचावर नव्हताच. तो समोरच्या हिरवळीवर आणि भोवतीच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने उभा होता.

प्रथम मुख्य गायकाविषयी सांगतो, कारण त्याचे आणि आपल्या मुलखाचे नाते आहे. जग ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखते, त्याचे जन्मनाव फारोख बलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांझिबारचा. आईबाप पारशी, आणि आडनावच सांगते की कुळाचे मूळ गुजरातेतील बलसाडचे. वडील तेथे ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल होते. त्यांनी या मुलास वयाच्या आठव्या वर्षी आगबोटीने हिंदुस्थानात धाडले आणि सातारा जिल्ह्यातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात ठेवले. 'फ्रेडी' हे नाव त्यास तेथेच मिळाले. पियानोचे शिक्षण तेथेच झाले, आणि १९५८ च्या सुमारास, बारा वर्षांचा असताना, सोबत्यांसह त्याने तेथेच पहिला वाद्यवृंद उभारला. त्याचे नाव 'द हेक्टिक्स'. पुढे झांझिबारात १९६४ साली क्रांती झाली, तेव्हा सारे कुटुंब इंग्लंडला निघून गेले आणि लंडनजवळच्या फेल्टम येथे राहिले. कृष्णाकाठच्या डोंगरावर, धुक्यात, घरापासून हजारो मैल दूर असलेल्या त्या पोराला करमत कसे असेल, हा विचार आमच्या मनात पुष्कळदा येतो. ज्याने बालपणी एकटेपण भोगले, त्याला पुढे मोठ्या जमावाचे भय वाटावे किंवा ओढ वाटावी. फारोखला ओढ वाटली.

उरलेले तिघे ब्रायन मे, रॉजर टेलर आणि जॉन डीकन. मे गिटार वाजवतो, ती त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ साली घरीच बांधावयास घेतली होती. मानेचे लाकूड एका जुन्या शेगडीच्या चौकटीचे, आतल्या कमानी जुन्या मोटारसायकलच्या, आणि दांडीवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे. तारा छेडतो तो सहा पेनीच्या नाण्याने. हा गृहस्थ मूळचा पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी. संगीतापायी अर्धवट राहिलेला खगोलशास्त्रावरील प्रबंध त्याने २००७ साली पुरा करून डॉक्टरेट मिळवली. टेलर तालवाद्ये वाजवतो आणि अतिशय उंच पट्टीत गातो. डीकनकडे खर्जाची गिटार. संपूर्ण मैफलीत तो जवळजवळ बोलतच नाही. पण साथीदाराच्या कानाला विचाराल तर साऱ्या डोलाऱ्याचा पाया तोच आहे. पडद्याच्या कडेला स्पाइक एडनी नावाचा एक सुरपेटीवादक मदतीस होता. असे हे पाच जण, आणि समोर ७२ हजार.

आता या ७२ हजारांची साथ कशी चालते ते पाहू. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. सभामंडपात गायक आणि टाळकरी यांच्यातले अंतर चारपाच हातांचे, त्यामुळे आपल्याला या गोष्टीची जाणीवही होत नाही. क्रीडांगणात मात्र रंगमंचापासून दीडशे मीटरवर उभा असलेला मनुष्य ताल ऐकतो तो अर्ध्या सेकंदाच्या आसपास उशिरा. त्यावर तो टाळी वाजवणार, आणि ती टाळी परत गायकापर्यंत येण्यास तितकाच वेळ लागणार. म्हणजे रंगमंचावरील वादकाला समोरून जे ऐकू येते ते जवळजवळ एका सेकंदाने मागे पडलेले असते. त्या मागून येणाऱ्या टाळीला जो कान देईल त्याची लय ढासळलीच म्हणून समजा. वादकाने समुदायाचे ऐकायचे, पण त्याच्यामागे जायचे नाही, अशी ही अवघड कसरत. 'रेडिओ गा गा' हे टेलरने रचलेले १९८४ सालचे गीत या तबकडीवर ऐकावे. सारा जमाव हात उंच करून जोडटाळी देतो. ती टाळी एका ठोक्यासारखी वाजत नाही. पुढून मागे सरकत जाणारी लाट किनाऱ्यावर फुटावी तशी ती ऐकू येते. एवढ्या गलबल्यात डीकनचा खर्ज आणि टेलरचा ताल तसूभरही हलत नाहीत.

'वुई विल रॉक यू' या गीताची हकीकत याहून बोधप्रद आहे. १९७७ साली इंग्लंडमधील एका प्रयोगानंतर कलावंत आत गेले तरी श्रोते जागचे हलेनात, ते आपण होऊन एकसुरात गाऊ लागले. ते ऐकून मे याने मनाशी विचार केला की दाटीत उभ्या असलेल्या माणसांना करता येण्याजोगे असे काय आहे? त्यांना पाय आपटता येतील, टाळी देता येईल आणि गाता येईल. दोनदा पाय, एकदा टाळी, एवढ्यावरच ते गीत उभे आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मूठभर माणसांनी लाकडी फळ्यांवर पाय आपटले. पण थोड्या माणसांचा आवाज थोड्यांचाच येतो. म्हणून मे याने आपले पदार्थविज्ञान कामी लावले. तोच आवाज निरनिराळ्या विलंबाने पुनःपुन्हा मिसळला, आणि ते विलंब मूळ संख्यांच्या प्रमाणात ठेवले, म्हणजे कोणतेही दोन प्रतिध्वनी एकमेकांवर बसून घुमू नयेत. ऐकणारास वाटावे की भोवती हजारो माणसे निरनिराळ्या अंतरांवर उभी आहेत. १९७७ साली गणिताने निर्माण केलेला तो समुदाय १९८६ साली वेम्बलीवर हाडामांसाचा होऊन आला होता. तबकडीवर ते गीत लागते तेव्हा आम्हांला दरवेळी असे वाटते की कोणी तरी आधी पत्रिका लिहून ठेवली होती आणि पाहुणे नऊ वर्षांनी येऊन पोहोचले.

या मैफलीत यंत्राचे साह्य मुळीच घेतले नाही असे मात्र नव्हे. १९७५ सालचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सोडी' हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध गीत. त्याच्या मध्यभागी आवाजांच्या थरांवर थर चढवून रचलेला एक संगीतिकेसारखा भाग आहे. चार माणसांनी तो रंगमंचावर गाणे अशक्य. म्हणून तो भाग आला की हे कलावंत निमूटपणे आत जात, मुद्रित फीत वाजे, आणि तो संपताच ते धावत बाहेर येऊन पुढचे गीत हाती घेत. फीत लावून वर ओठ हलवण्याचे ढोंग त्यांनी केले नाही, हे आम्हांस विशेष वाटते. याच दौऱ्यावर आधारलेली 'लाइव्ह मॅजिक' नावाची एक तबकडी डिसेंबर १९८६ मध्ये निघाली होती. तीत वेम्बली, बुडापेस्ट आणि नेबवर्थ येथील मुद्रणे होती, पण गीते फार कातरली होती, आणि या गीताचा तो मधला भाग तर अजिबात वगळला होता. त्यामुळे ती तबकडी आटोपशीर झाली, परंतु मैफल म्हणून तिच्यात जीव राहिला नाही. वेम्बलीच्या जोडतबकड्यांत एका सायंकाळची २८ गीते क्रमाने येतात. मधले बोलणे, सुरांची जुळवाजुळव, कंटाळा यावा इतके लांबलेले सुमारे नऊ मिनिटांचे एकट्या गिटारचे वादन, सारे काही तेथे आहे. आमच्या मते ते वादन निम्म्याने कमी असते तर चालले असते. पण मैफलीला कंटाळ्याचाही एक वाटा द्यावा लागतो. रात्रभरच्या भजनात पहाटेचे तीन वाजले की टाळ सैल पडतात, डोळे मिटतात, आणि म्हणूनच काकडारतीची घंटा कानांत शिरते.

आता गळ्याविषयी. मर्क्युरीच्या स्वरतंतूंवर गाठी होत्या आणि त्या त्यास वर्षानुवर्षे त्रास देत. शस्त्रक्रियेने आवाज बदलेल या भीतीने त्याने ती टाळली. मूळ ध्वनिमुद्रणांत जेथे चाल उंच चढते, तेथे मैफलीत कित्येकदा तो खालच्या सुरांवरून वळसा घेतो. कधी वरचा सूर टेलरकडे सोपवतो. कधी ती जागा सरळ श्रोत्यांच्या स्वाधीन करतो. 'लव्ह ऑफ माय लाइफ' हे त्याने पियानोवर बांधलेले नाजूक गीत. येथे मे याच्या एका गिटारीच्या साथीने ते होते, आणि ओळीच्या ओळी समुदाय गातो. हे गीत त्याचे राहिलेच नाही, ते देऊन टाकले आहे, असे ऐकणारास वाटते.

आमच्या गावच्या देवळात सोमवारच्या भजनास एक बुवा गात असत. तीस वर्षे त्यांच्या गळ्यामागे आमची पेटी चालली. काळी दोनमध्ये गाणारे, तार षड्जावर विनासायास उभे राहणारे. दोन वर्षांपूर्वी तो षड्ज लागेनासा झाला. वैद्य झाले, डॉक्टर झाले, मौन झाले. शेवटी एके सोमवारी बुवांनी टाळ खुंटीला लावले आणि सभामंडपाच्या कोपऱ्यात श्रोत्यांत जाऊन बसले. "मास्तर, वर जाता येत नाही तर गायचे कशाला?" एवढेच ते आम्हांस म्हणाले. वर जाणे हेच त्यांचे गाणे आहे असे लोकांनी त्यांना तीस वर्षे सांगितले होते, त्याला ते तरी काय करणार?

श्रावणातल्या एका पावसाळी संध्याकाळी बुवा आमच्याकडे आले होते. आम्ही मुद्दाम काही न सांगता ही तबकडी लावली. भाषा त्यांना कळत नव्हती, आणि मधल्या गोंगाटात त्यांनी दोनदा कपाळाला आठ्या घातल्या. मग 'वुई आर द चॅम्पियन्स' हे अखेरचे गीत लागले. आम्ही त्यांना मूळ मुद्रण आधी ऐकवले आणि पुन्हा मैफलीतले ऐकवले. बुवांनी हात वर करून थांबवले. "परत लावा," म्हणाले. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते थोडा वेळ पागोळ्यांकडे पाहत बसले आणि घरच्या बोलीत म्हणाले, "तो वयर गेलो ना, पूण गाणें उणें जालें ना." वर न जाता गाणे उणे कसे झाले नाही, याचा उलगडा त्यांनी आम्हांस विचारला नाही. तो त्यांच्या कानांनी आधीच केला होता. जेथे गायक खाली उतरला तेथे हजारो कंठ वर चढले होते, ते त्यांनी ऐकले होते.

पुढे सप्ताह आला. बुवांनी पेटी पांढरी एकवर लावावयास सांगितली. पंगतीत कुजबुज झाली. अभंग रंगात आल्यावर जेथे ते पूर्वी तार षड्जावर ठाण मांडीत, तेथे त्यांनी आवाज आवरला आणि टाळकऱ्यांकडे पाहून मान हलवली. पोरांना प्रथम उमगलेच नाही, एक ओळ तशीच रिकामी गेली. दुसऱ्या आवर्तनाला त्यांनी उचलले. सारे काही सुरळीत झाले असे म्हणवत नाही. दोन ठिकाणी बुवांचा आवाज फाटला, आणि "आता पूर्वीचे राहिले नाही" हे शब्द बाहेर चौकात कोणी उच्चारले, ते त्यांच्या कानांवरही गेले. त्यानंतरच्या सोमवारी बुवा आले, टाळ खुंटीवरून काढले आणि आमच्या उजव्या हाताला, आपल्या नेहमीच्या जागी बसले. याविषयी आमच्यात पुढे कधी बोलणे झाले नाही.

वेम्बलीच्या तबकडीत एक जागा अशी आहे की ती ऐकताना आम्ही हातातले काम बाजूला ठेवतो. संच फुटणार अशी वदंता त्या दिवसांत उठली होती. मर्क्युरी गाणे थांबवून श्रोत्यांशी बोलतो. अफवा उठवणाऱ्यांची रेवडी उडवतो, आणि एक असभ्य शब्द मध्ये घालून सांगतो की आम्ही मरेपर्यंत एकत्र राहणार. ७२ हजार माणसे आनंदाने ओरडतात. त्याच सायंकाळी 'हू वॉन्ट्स टु लिव्ह फॉरेव्हर' हे गीतही तो गातो. चिरकाल जगण्याची इच्छा कोणाला आहे, असे विचारणारे ते गीत मे याने त्याच वर्षीच्या 'हायलँडर' चित्रपटासाठी रचले होते. त्या क्षणी कोणालाच ठाऊक नव्हते की उरले किती आहे. वेम्बलीनंतर चार आठवड्यांनी, ९ ऑगस्ट १९८६ रोजी नेबवर्थ येथे या चौघांची मैफल झाली, ती शेवटची ठरली. १९८७ साली मर्क्युरीला एड्सच्या विषाणूची बाधा झाल्याचे निदान झाले, असे त्याच्या निकटवर्तीयांनी पुढे नमूद केले आहे. त्यानंतरही तो ध्वनिमुद्रणगृहात गात राहिला. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने आजार जगापुढे प्रकट केला, आणि दुसऱ्याच दिवशी, वयाच्या ४५ व्या वर्षी, त्याचे देहावसान झाले. जरथुष्ट्री धर्मगुरूंनी अंत्यसंस्कार केले. पाचगणीच्या शाळेत गेलेला फारोख अखेरच्या यात्रेला आपल्या आईबापांच्या मंत्रांसह गेला.

त्यानंतर सहा महिन्यांनी ही तबकडी निघाली. म्हणजे जगाने ती प्रथम ऐकली तेव्हा ते वचन खरे ठरलेले होते. मरेपर्यंत एकत्र राहू असे तो म्हणाला होता, आणि चौघे तसे राहिले. परंतु ज्यांनी ते १९८६ च्या जुलैत ऐकले त्यांना ती थट्टा वाटली होती, आणि १९९२ च्या मे महिन्यात तेच शब्द घरोघर ऐकले गेले तेव्हा ते कोणालाही थट्टेचे वाटले नसतील. शब्द तेच, हशा तोच, जयघोषही तोच. बदलला होता तो ऐकणारा. मुद्रित गाणे बदलत नाही, असे म्हणतात. आम्हांला त्याची शंका येते. फोटोतला मनुष्य म्हातारा होत नाही, पण फोटो पाहणाऱ्याचे वय वाढत जाते आणि त्याबरोबर चेहऱ्याचा अर्थ बदलत जातो, तसेच काहीसे हे आहे.

ते क्रीडांगणही आता राहिलेले नाही. २००० साली ते बंद झाले, पुढे पाडले गेले, आणि २००७ साली त्याच जागी नवे उभे राहिले. जुने दोन पांढरे मनोरे गेले. डीकनने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सार्वजनिक जीवनातून अंग काढून घेतले. गायक गेला, वास्तू गेली, खर्जाचा वादक घरी बसला. उरले कोण? त्या सायंकाळी हात उंच करून टाळी वाजवणारा विशीतला पोर आज साठीच्या घरात असेल. त्याचे नाव तबकडीच्या वेष्टनावर छापलेले नाही. त्याला कोणी मानधन दिलेले नाही, उलट त्यानेच तिकिटाचे पैसे मोजले. त्या गजरात आपला आवाज कोणता हे त्याला स्वतःलाही दाखवता येणार नाही. पण तो आवाज तेथून काढून घेतला तर तेवढे उणे होईल, आणि असे ७२ हजार वेळा उणे करीत गेले तर तबकडीवर केवळ चार माणसांचे वाद्यवादन शिल्लक राहील.

मैफलीच्या अगदी अखेरीस 'गॉड सेव्ह द क्वीन' हे इंग्लंडचे त्या काळचे राष्ट्रगीत, मे याने गिटारवर बांधलेले, फितीवरून वाजते. मर्क्युरी मुकुट आणि राजवस्त्र घालून श्रोत्यांचा निरोप घेतो. कलावंतांचे काम संपलेले असते, वाद्ये खाली ठेवलेली असतात. फीत वाजत असते, आणि तिच्यावर जिवंत गळ्यांनी गात असतो तो समोरचा समुदाय. आम्हांला आमच्या गुरूंनी शिकवलेला एक नियम आठवतो. गायक थांबला तरी साथीदाराने लगेच हात काढू नये. भात्यात हवा असेतो सूर धरावा, म्हणजे सभा शांतपणे उठते.